दुसरी वही

आमच्या घरात कोणतीही वस्तू विकत घेण्यापूर्वी अण्णा, म्हणजे माझे वडील, दोन प्रश्न विचारतात. माल कोणाचा? आणि बिघडला तर कोणाच्या दारात जाऊन उभे राहायचे? लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारात पन्नास वर्षे काढलेल्या माणसाला याहून अधिक प्रश्नांची गरज भासत नाही. छताच्या पंख्यापासून मोटारगाडीपर्यंत आमची सारी खरेदी या दोन प्रश्नांवरच पार पडली. यंदा मात्र तर्जनीएवढ्या एका पट्टीने त्यांना तीन आठवडे थोपवून धरले. २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब आणि वजनाला दहा ग्रॅमसुद्धा नाही, अशी ही पट्टी म्हणजे संगणकाची स्मरणपेढी. बाजारात तिला एसएसडी म्हणतात.

निमित्त घडले ते जुन्या संगणकाचे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची देखभाल थांबवली आणि आमचे दहा वर्षांचे यंत्र नवी आवृत्ती स्वीकारीना. पेढीचे हिशेब याच घरच्या संगणकावर चालतात, त्यामुळे तसेच रेटणे शहाणपणाचे नव्हते. आमची धाकटी लेक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, ‘‘पप्पा, तयार खोका घेण्यापेक्षा सुटे भाग आणून मीच जोडते. प्रत्येक भाग कुठला, हे आपल्याला ठाऊक राहील.’’ हे शेवटचे वाक्य अण्णांच्या मनाला भिडले आणि परवानगी मिळाली.

प्रोसेसर, मदरबोर्ड, खोका, वीजपुरवठ्याचा संच असे बाकीचे भाग एका संध्याकाळी ठरले. अण्णांनी तिच्या यादीवर बोट फिरवले आणि ‘एसएसडी’ या ओळीवर ते थांबले. ‘‘बाळ, हे बाकीचे सगळे बिघडले तर पुन्हा विकत मिळेल. याच्या पोटात जे असेल ते मिळेल का?’’ लेक म्हणाली, ‘‘नाही आजोबा.’’ ‘‘मग यावर घाई नको.’’

या सावधपणामागे एक जखम आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

ऑगस्ट २०१९. कोल्हापूरकरांना त्या आठवड्याविषयी वेगळे सांगणे नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. पुणे-बंगळूर महामार्ग दिवसेंदिवस बंद राहिला. जयंती नाल्याचे पाणी मागे फुगत आले, तेव्हा आम्ही गाळ्यातला माल वर चढवीत होतो. साखर, डाळी, गहू अशी जमतील तेवढी पोती पोटमाळ्यावर गेली. तिजोरीतल्या लाल वह्या अण्णांनी स्वतः छातीशी धरून नेल्या. पण २०१५ पासून त्या वह्यांत शुभारंभाचे ‘श्री’ आणि पहिली एक ओळ एवढेच लिहिले जात होते. खरी रोजकीर्द आणि खतावणी संगणकात होती आणि संगणकाचा खोका टेबलाखाली जमिनीवर होता. त्या रात्री तो कोणालाच आठवला नाही.

मी मात्र निर्धास्त होतो. आमच्या संगणकावर हिशेब ‘सी’ ड्राइव्हमध्ये होते आणि दर शनिवारी त्यांची प्रत ‘डी’ ड्राइव्हमध्ये निघत असे. दोन नावे, दोन चित्रे. मला वाटे, आपल्याकडे दोन वह्या आहेत. पाणी ओसरल्यावर गाळाने भरलेला तो खोका उघडला आणि दुरुस्ती करणाऱ्याने एकच हार्ड डिस्क बाहेर काढून माझ्या हातावर ठेवली. सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे होते. एकाच तिजोरीच्या दोन खणांत दोन प्रती ठेवून मी चार वर्षे सुखाने झोपलो होतो. डिस्कमधील माहिती परत काढण्याचा प्रयत्न दोन ठिकाणी करून पाहिला. खर्च झाला, हाती काही आले नाही.

जीएसटीच्या विवरणपत्रांमुळे नोंदणीकृत व्यापाऱ्यांना दिलेली बिले पुन्हा मिळाली. पण आमचा निम्मा व्यवहार खेड्यांतल्या लहान दुकानदारांशी. त्यांच्याकडे जीएसटी क्रमांक नाही. त्यांना विकलेल्या मालाची विवरणपत्रात एकत्रित बेरीज असते, नावे नसतात. कोणाकडे किती येणेबाकी आहे, हे सांगणारा कागद जगात उरला नव्हता. निदान मला तसे वाटले.

अण्णांना वाटले नाही. आठ-दहा दिवसांनी रस्ते मोकळे झाले, तेव्हा त्यांनी गाळा धुऊन घेतला, बैठक घातली आणि येईल त्या गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारला, ‘‘तुमच्या वहीत आमचे किती?’’ चिखली-आंबेवाडीकडचे लोक, ज्यांची स्वतःची घरे पाण्यात उभी होती, तेही आले. कोणी आठवून आकडा सांगितला, कोणी बिलांचे ओले तुकडे आणले. एक दुकानदार प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेली छोटी चोपडी घेऊन आला. घर सोडताना तो ती माळ्यावर ठेवून गेला होता. त्याच्या नोंदीप्रमाणे निघणारी बाकी आमच्या अंदाजापेक्षा चार हजारांनी जास्त होती. अण्णांनी ‘‘सवडीने द्या,’’ म्हणून त्याला चहा पाजला. सगळेच असे आले, असे मी म्हणणार नाही. काही नावे त्यानंतर बाजारात दिसली नाहीत आणि तोटा झालाच. तरीही मोठा भाग परत उभा राहिला, आणि तो दुसऱ्यांच्या वह्यांतून उभा राहिला.

वाचकहो, त्या तर्जनीएवढ्या पट्टीपुढे आम्ही तीन आठवडे का थबकलो, हे आता ध्यानी येईल. या काळात लेकीने आम्हा दोघांना जे शिकवले, ते आपल्या व्यापारी भाषेत मांडतो. आपल्यापैकी अनेक घरांत आज ना उद्या हाच प्रश्न येणार आहे.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरत्या चकतीवर चुंबकीय खुणा उमटतात. एसएसडीत फिरणारे काहीच नाही. तिच्यात कोट्यवधी सूक्ष्म कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात विजेचा किंचित भार कोंडून ठेवलेला असतो. तोशिबा कंपनीतील जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनी ही कल्पना मांडली. आज वापरात असलेला ‘नँड’ हा तिचा प्रकार १९८७ साली जगापुढे आला. एका कप्प्यात एकच खूण ठेवायची, तर भाराच्या दोन पातळ्या ओळखाव्या लागतात. दोन खुणांना चार, तीन खुणांना आठ आणि चार खुणांना सोळा. एकाच मापट्यावर दोन रेघा असल्या की अंधारातही माप चुकत नाही. सोळा रेघा असल्या की डोळे ताणावे लागतात. तीन खुणांच्या मालाला टीएलसी म्हणतात आणि चार खुणांच्या मालाला क्यूएलसी. क्यूएलसी स्वस्त पडतो, कारण तेवढ्याच कप्प्यांत अधिक माल मावतो. पण तो लिहायला मंद आणि झिजायला लवकर. क्वचित लिहायचे आणि पुष्कळ वाचायचे असेल, तर तो चालतो. रोज ज्यावर कीर्द लिहायची त्यासाठी टीएलसी बरा, हा पहिला निर्णय झाला.

दुसरा प्रश्न वेगाचा. खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत वेगच छापलेला असतो. साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते. एनव्हीएमई प्रकारातील तिसऱ्या पिढीची पट्टी सुमारे ३,५००, चौथ्या पिढीची ७,००० आणि पाचव्या पिढीची १४,००० पर्यंत. आकडे पाहून मीही भुललो. लेकीने विचारले, ‘‘पप्पा, आपण करणार काय? हिशेब, फोटो, माझा अभ्यास. फिरत्या डिस्कवरून कोणत्याही एसएसडीवर आलात तर जमीन-अस्मानाचा फरक दिसेल. पण चौथ्या आणि पाचव्या पिढीतला फरक तुम्हाला घड्याळ लावूनही कळणार नाही. वर पाचवी पिढी तापते अधिक.’’

त्यातही हा छापील वेग सदासर्वकाळ टिकत नाही. आपल्या गाळ्यापुढे ट्रक लागतो, तेव्हा हमाल पोती आधी ओट्यावर टाकतात. ओटा मोकळा आहे तोवर ट्रक झपाट्याने रिता होतो. ओटा भरला की प्रत्येक पोते आतल्या वखारीत थप्पीला नेऊन लावावे लागते आणि तोच ट्रक रेंगाळतो. एसएसडीतही असा ओटा असतो. काही कप्पे तात्पुरते एकेका खुणेने भरायचे आणि मागाहून सवडीने माल आत रचायचा. लिहिण्याचा छापील वेग हा ओट्याचा वेग असतो. वखारीचा वेग खोक्यावर सहसा नसतो. ड्राइव्ह जसजसा भरतो तसतसा ओटाही लहान होत जातो. म्हणून गरज पाचशे जीबीची असेल तर एक टीबीचा घ्यावा आणि थोडी जागा मोकळी राहू द्यावी.

टीबीवरून आठवले. घरी आणून जोडल्यावर एक टीबीचा ड्राइव्ह संगणकावर ९३१ जीबी दिसतो. मला वाटले, मापात मारले. तसे नाही. कारखानदार एक टीबी म्हणजे एकावर बारा शून्ये इतके बाइट मोजतो. विंडोज जीबी मोजताना १०२४ चा तीनदा गुणाकार करते आणि तरी त्याला जीबीच म्हणते. माल तेवढाच, मापे दोन. गावोगावच्या पायल्या निरनिराळ्या असलेल्या काळात वाढलेल्या अण्णांना ही गोष्ट माझ्याआधी समजली.

मग त्यांचा पहिला प्रश्न आला: माल कोणाचा? दुकानात ब्रँड पुष्कळ दिसतात. पण नँडच्या चिप स्वतः बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन, किऑक्सिया, सॅनडिस्क ही त्यांतली प्रमुख नावे. बाकीचे बहुतेक जण त्यांच्याकडून माल घेऊन आपल्या नावाने भरतात. गिरणीवाला आणि पुडीवाला हा भेद आपल्याला नवा नाही. पुडीवाला वाईटच असतो असेही नाही. पण आत कोणत्या प्रकारचे कप्पे आहेत, हे जो लिहीतच नाही, त्याच्या मालाला हात लावू नये. ऑनलाइन बाजारात कवडीमोलाने मिळणारे ‘मोठ्या क्षमतेचे’ ड्राइव्ह तर अनेकदा निव्वळ फसवणूक असतात. संगणकाला ते मोठा आकडा सांगतात आणि खरी जागा संपली की नवे लिहिताना जुने पुसत जातात. बिलासह, ओळखीच्या दुकानातून, देशातल्या वॉरंटीचा माल घेणे हेच उत्तर. त्यातच अण्णांच्या दुसऱ्या प्रश्नाचाही निकाल लागतो.

वॉरंटीबरोबर टीबीडब्ल्यू नावाचा एक आकडा असतो. या ड्राइव्हवर एकूण किती लिहिले जाईपर्यंत कंपनी हमी देते, हे तो सांगतो. चांगल्या प्रतीच्या एक टीबी टीएलसी ड्राइव्हवर साधारणतः पाच वर्षे किंवा ६०० टीबी असे आढळते. अण्णांनी कागद ओढून तोंडी हिशेब मांडला. ६०० टीबी म्हणजे सहा लाख जीबी. घरात मोठा हात धरून रोज ३० जीबी लिहिले, तर वीस हजार दिवस, म्हणजे चोपन्न वर्षांहून अधिक. ‘‘मग ही पट्टी पतवंडांनाही पुरेल की!’’ लेक हसली. ‘‘आजोबा, हा फक्त झिजेचा हिशेब आहे. गाडीचे टायर लाख किलोमीटर टिकणारे असले, म्हणून इंजिन उद्या बंद पडणार नाही असे थोडेच?’’ एसएसडीतले नियंत्रक सर्किट केव्हाही मिटू शकते. जुनी डिस्क मरण्यापूर्वी पुष्कळदा कुरकुरते, खडखडते. ही मात्र काल चालू असते आणि आज अबोल होते. शिवाय जुन्या डिस्कवर चुकून पुसलेले कधीकधी परत काढता येई. एसएसडी पुसलेले कप्पे सवडीने खरोखरच रिकामे करून टाकते.

हे सारे ऐकून राजारामपुरीतल्या एका दुकानात गेलो. यादी पाहून दुकानदार म्हणाला, ‘‘आज घेऊन टाका. उद्याचा भाव माझ्या हातात नाही.’’ कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर प्रचंड माहितीकेंद्रे उभी राहत असल्याने स्मृतीच्या चिपचे भाव गेल्या वर्षअखेरीपासून चढे होते. त्याचे म्हणणे खरेच होते. बाहेर आल्यावर अण्णा हसून म्हणाले, ‘‘तुरीच्या बाबतीत हे वाक्य मी चाळीस वर्षे बोलत आलो. खरे असले तरी त्यावर घाईने माल उचलायचा नसतो.’’ आठवडाभर थांबून, तीनशे रुपये जास्त देऊन, आम्ही ठरवलेलाच ड्राइव्ह घेतला: एक टीबी, टीएलसी, चौथ्या पिढीचा, पाच वर्षांच्या वॉरंटीचा. त्या तीनशे रुपयांचे मला दुःख नाही. मदरबोर्डवर त्याला जागा आहे ना आणि ती साटाची नव्हे तर एनव्हीएमईचीच आहे ना, हे लेकीने पुस्तिकेत आधीच पाहून ठेवले होते.

खरा वाद त्यानंतर झाला. अण्णा म्हणाले, ‘‘असाच आणखी एक आणा. त्यावर सगळी प्रत काढा आणि तिजोरीत ठेवून द्या. पुराचे पाणी काही तिजोरीच्या खोलीपर्यंत येत नाही.’’ मला ते पटले. लेकीला पटेना. ती म्हणाली, ‘‘कप्प्यांत कोंडलेला भार हळूहळू गळतो. वीज मिळत राहिली तर ड्राइव्ह स्वतःची काळजी घेतो. बंद पेटीत ठेवला तर कोण घेणार?’’ या उद्योगाच्या मानकानुसार, घरगुती एसएसडीने आपली ठरलेली झीज पूर्ण केल्यावर वीज न देता ३० अंश तापमानात एक वर्ष माहिती राखावी, एवढीच अपेक्षा असते. नवा ड्राइव्ह पुष्कळ अधिक टिकतो, पण कायमच्या ठेवीसाठी तो नव्हे. सोने तिजोरीत ठेवले की सोनेच राहते. ही पट्टी तिजोरीत ठेवली की विसरू लागते. अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘म्हणजे जी वही रोज उघडली जात नाही, ती वही नव्हे.’’

जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. एवढा काळ एकाच वस्तूवर विसंबणे २०१९ नंतर आम्हाला शक्य नव्हते. तेव्हा अशी घडी बसवली. चालू काम एसएसडीवर. दर शनिवारी त्याची प्रत बाहेरून जोडायच्या जुन्या धर्तीच्या हार्ड डिस्कवर. अशा डिस्क दोन आहेत. एक आमच्याकडे, दुसरी लेकीच्या आत्याकडे. तिचे घर उंचावर आहे आणि त्या वर्षी तिच्या उंबऱ्याला पाणी लागले नव्हते. शनिवारी आत्याकडे जेवायला जायचे आणि डिस्कची अदलाबदल करायची. तिसरी प्रत इंटरनेटवर, पण कुलूपबंद करून, कारण आपल्या खतावणीत दुसऱ्यांचीही अब्रू असते. महिन्यातून एकदा लेक कोणतीही एक जुनी नोंद प्रतीतून परत उघडून दाखवते. उघडून पाहिलेली नाही ती प्रत आहे असे धरायचे नाही, हा आता घरचा नियम आहे.

आणखी एक किल्ली सांभाळावी लागते. नवे विंडोज अनेकदा ड्राइव्ह आपोआप कुलूपबंद करते आणि त्याची ४८ अंकी किल्ली देते. संगणक बिघडला आणि ती किल्ली सापडली नाही, तर ड्राइव्ह धडधाकट असूनही आतले सारे गेले. पाडव्याला नव्या लाल वहीचे पूजन झाले, तेव्हा अण्णांनी पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिले. शेवटच्या पानावर चष्मा पुसून, सावकाश, ते ४८ अंक लिहिले आणि वही तिजोरीत ठेवली. कित्येक वर्षांत त्या वहीत इतके मोलाचे काही लिहिले गेले नव्हते.

मार्चअखेरीस त्यांनी लेकीला आणखी एक काम सांगितले. प्रत्येक गिऱ्हाइकाचे वर्षाचे खाते छापून त्याच्या हातात द्यायचे. मी म्हणालो, ‘‘अण्णा, फोनवर पाठवता येते.’’ ते म्हणाले, ‘‘फोनवरही पाठव. पण कागद दे. पाण्यात आपली वही गेली तेव्हा कोणाच्या वहीने वाचवले, ते विसरलास?’’

चिखलीचा तो दुकानदार आला, तेव्हा त्याच्याही हातात कागद दिला. त्याने खिशातून आपली चोपडी काढली, दोन्ही शेजारी ठेवली आणि ओळीओळीवरून बोट फिरवू लागला. जानेवारीतल्या एका ओळीवर ते थांबले. पोह्याच्या एका पोत्याचे पैसे त्याच्या नावे दोनदा पडले होते. त्याचे खरे होते. लेकीने संगणकावर नोंद दुरुस्त केली, नवा कागद छापून दिला, आणि त्या शनिवारी दुरुस्त झालेली प्रत आत्याच्या घरी गेली.